विश्लेषण : बारावीत वर्गात पहिला, पहिल्या सत्रात नापास, गाव सोडून शिकायला गेलेल्या मुलांचं नेमकं कुठे अडतं?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात रोवणीचे दिवस आणि कॉलेज सुरू होण्याचे दिवस जवळपास एकच. जुलै-ऑगस्टमध्ये बांधीत चिखलणी सुरू असते, घरातली सगळी माणसं पऱ्ह्यांच्या मागे असतात आणि नेमकं तेव्हाच घरातला एक मुलगा किंवा मुलगी बॅग घेऊन निघते. कोणी गाडीने गोंदियाला जातं आणि तिथून हावडा-मुंबई मार्गावरची दुसरी गाडी पकडतं, कोणी उलट्या दिशेने वडसा, ब्रह्मपुरीकडे, तर कोणी एसटीने कोहमारा, साकोली, भंडारा करत नागपूर गाठतं. यातल्या अनेकांच्या घरातून कॉलेजच्या वसतिगृहात राहायला जाणारं हे पहिलंच माणूस.

पुढचे चार-पाच महिने काय होतं, याची चर्चा घरी फारशी होत नाही. रोज रात्री फोनवर ‘जेवण झालं का’ विचारलं जातं, ‘झालं’ असं उत्तर मिळतं. सत्राचा निकाल लागला की कळतं, बारावीला वर्गात पहिला आलेला मुलगा तीन विषयांत राहिला. मग ‘मोबाइलमुळे झालं’ किंवा ‘झेपत नव्हतं तर घ्यायचं कशाला’ ही दोनच स्पष्टीकरणं पुढे येतात. दोन्ही बहुतेक वेळा चुकीची असतात.

प्रश्न एका तालुक्याचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी प्रवर्गातल्या १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडलं. त्यात केंद्रीय विद्यापीठांतले ९,६४२ आणि आयआयटीमधले ३,५४२ होते. काही विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत किंवा अभ्यासक्रमात जातात, असं सरकारचं म्हणणं होतं आणि ते काही अंशी खरंही आहे. पण ही सगळी मुलं देशातल्या सर्वांत कठीण चाळण्यांपैकी एकीतून निवडून आलेली होती. त्यांच्याबाबत ‘झेपत नव्हतं’ हे उत्तर पुरत नाही.

नवं नेमकं काय असतं?

सगळ्यात आधी भाषा. इथे एक गैरसमज आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला इंग्रजी कॉलेजात गेल्यावरच भेटते, असं नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘सदिश’ शिकलेला मुलगा अकरावीतच अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम आणि व्हेक्टरवर येतो. मात्र गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तक इंग्रजी असलं तरी शिकवणं मराठीत किंवा हिंदीत चालतं. फळ्यावर इंग्रजी, तोंडाने मराठी. नागपूर-पुण्याच्या वर्गात हा तोंडाचा आधार जातो. पुस्तक तेच, गणितं साधारण त्याच जातीची, पण समजावून सांगणंही इंग्रजीत. मुलगा वाचून समजू शकतो, ऐकून समजू शकत नाही. हा फरक त्याला स्वतःलाही लवकर कळत नाही. ‘आपल्याला विषयच कळत नाही’ असं तो ठरवून टाकतो.

त्यातही या पट्ट्यातल्या मुलांना मराठीचाही एक धक्का असतो. घरात झाडीबोली, काही घरांत गोंडी, बाजारात हिंदी. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीवर आयुष्य घातलं, तिची साहित्य संमेलनं होतात. पण वसतिगृहाच्या खोलीत पहिल्या आठवड्यात कोणी ‘पानी’वर हसलं की मुलगा बोलणं कमी करतो. आणि जो बोलत नाही तो वर्गात प्रश्नही विचारत नाही.

दुसरी अडचण शब्दांचीच, पण पुस्तकाबाहेरच्या. सेशनल, टर्म वर्क, जर्नल, सबमिशन, ओरल, डिफॉल्टर लिस्ट, बॅक, केटी. हे शब्द कोणी शिकवत नाही, ते माहीत आहेत असं गृहीत धरलेलं असतं. जर्नल दर आठवड्याला तपासून सही घ्यायची असते, शेवटच्या आठवड्यात सगळे प्रयोग एकदम घेऊन गेलं तर सर दारातूनच परत पाठवतात. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात सापडतात, त्या आधी बघायच्या असतात. शंका असेल तर तास संपल्यावर सरांच्या केबिनमध्ये जायचं असतं आणि त्यात आगाऊपणा नसतो. मोठा भाऊ इंजिनीअर असलेल्या मुलाला हे घरात जेवताना समजतं. ज्याच्या घरात कोणी नाही त्याला ते डिफॉल्टर यादीत नाव आल्यावर समजतं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये शाळांच्या संदर्भात याला छुपा अभ्यासक्रम म्हटलं होतं. त्याची परीक्षा होते, तास मात्र होत नाही.

तिसरी गोष्ट हुशारीच्या मोजपट्टीची. आतापर्यंत गावात ‘हा हुशार’ एवढी ओळख पुरत होती. इथे वर्गातले साठच्या साठ आपापल्या गावचे हुशार. कोणाचे दोन वर्षं क्लास झालेले, कोणी दहावीपासून कोडिंग करत आलेला. पहिल्या सेशनलला वीसपैकी सहा गुण मिळाले की ते विषयाचे गुण वाटत नाहीत, माणसाचे वाटतात.

बाकी मेसची पातळ भाजी, तीन जणांची खोली, शहरातलं अंतर, कपडे, बूट यांचा त्रास होतो. पण तो महिन्या-दीड महिन्यात अंगवळणी पडतो. वरचे तीन प्रश्न आपोआप सुटत नाहीत.

कॉलेजं यावर काय करतात?

इंजिनीअरिंग आणि तत्सम अभ्यासक्रमांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, म्हणजे एआयसीटीईचा, ‘स्टुडंट इंडक्शन प्रोग्राम’ आहे. आयआयटी गांधीनगरने २०११ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला, २०१६ मध्ये वाराणसीच्या आयआयटी बीएचयूने तसा प्रयोग केला. त्यावरून एआयसीटीईने पहिल्या सत्राच्या सुरुवातीला तीन आठवड्यांचा आराखडा तयार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने तोच विचार बाकीच्या महाविद्यालयांसाठी आणला.

कागदावर हा आराखडा चांगला आहे. रोज व्यायाम, एखादी कला, मानवी मूल्यांवर चर्चा, वाचन-लेखन, भाषा किंवा संगणकात कच्च्या असलेल्यांसाठी वेगळे तास, आसपासच्या भागाच्या भेटी, आपल्या शाखेची ओळख. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सुमारे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक मार्गदर्शक आणि सोबत वरच्या वर्गातले विद्यार्थी. हे तीन आठवडे नियमित तास घ्यायचे नाहीत, असं त्यात अपेक्षित आहे.

प्रत्यक्षात अनेक कॉलेजांत तीन आठवड्यांचा आठवडा होतो आणि त्या आठवड्यातली अर्धी वेळ सभागृहातल्या भाषणांत जाते. प्राचार्यांचं स्वागत, प्लेसमेंटच्या स्लाइड, पालकांसाठी चहा. वीस मुलांचा गट आणि मार्गदर्शक हा त्यातला जीव, तोच आधी गळतो, कारण त्याला शिक्षकांचा वेळ लागतो.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे, ती फारशी बोलली जात नाही. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या लांबतात. पहिल्या फेरीत जागा मिळालेला विद्यार्थी इंडक्शनला हजर असतो. शेवटच्या फेरीतला किंवा संस्था पातळीवर प्रवेश घेतलेला येतो, तेव्हा इंडक्शन संपून दोन प्रकरणं शिकवून झालेली असतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारण्यात किंवा जात पडताळणीत अडकून उशीर झालेलाही याच गटात येतो. अर्जुनी नावाचे दोन तालुके आहेत, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. दोन्ही गोंदिया जिल्ह्यातच. ऑनलाइन अर्जात यादीतलं चुकीचं अर्जुनी निवडलं तर दाखल्यावरचा तालुका आणि अर्जावरचा तालुका जुळत नाही आणि दुरुस्तीत दिवस जातात. म्हणजे स्थिरावायला मदत ज्याला सर्वांत जास्त हवी, तोच ती मदत संपल्यावर पोहोचतो. उशिरा येणाऱ्यांसाठी सप्टेंबरमध्ये दुसरी तुकडी काढणं अवघड नाही, पण तसं करणारी कॉलेजं थोडी.

पूर्ण वर्षभराचा असा कार्यक्रम कुठे आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. आयआयटींमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा ‘प्रिपरेटरी कोर्स’ असतो. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये नेहमीच्या गुणवत्ता यादीत न बसलेल्या, पण शिथिल केलेल्या निकषात बसणाऱ्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या राखीव जागा रिकाम्या राहिल्या तर, या कोर्सला प्रवेश मिळतो. वर्षभर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी. तो उत्तीर्ण झाला की पुढच्या वर्षी पुन्हा जेईई न देता पहिल्या वर्षात थेट प्रवेश.

यात एक वर्ष जास्त जातं म्हणून काही पालक नको म्हणतात. हिशेब उलटा करून बघावा लागेल. थेट पहिल्या वर्षात जाऊन विषय अडकले तरी वर्ष जातंच, शिवाय ते नापासाच्या शिक्क्यासह जातं. प्रिपरेटरीतल्या मुलाला कॅम्पस, वसतिगृह, इंग्रजीतले तास आणि मेसची भाजी या सगळ्याची सवय पदवीचे गुण पणाला न लावता होते. दुसरी बाजूही खरी आहे. ‘प्रिप’ ही ओळख काही ठिकाणी टोमण्यासारखी वापरली जाते. राज्यातल्या साध्या इंजिनीअरिंग कॉलेजांत असं वर्ष नाहीच.

भाषेपुरते काही पर्याय निघाले आहेत. तंत्रनिकेतनांत २०२१-२२ पासून मराठी-इंग्रजी अशा दोन भाषांत पदविका शिकण्याची सोय सुरू झाली. त्याच वर्षी एआयसीटीईने प्रादेशिक भाषांत इंजिनीअरिंगच्या पदवीला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या पीसीसीओईने कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मराठीतून सुरू केलं. दहावीनंतर तंत्रनिकेतन आणि तिथून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाणं हा मार्ग ग्रामीण मुलांसाठी आधीपासूनच तुलनेने सोपा राहिला आहे. घर सोडण्याचा धक्का आणि पदवीच्या गणिताचा धक्का त्यात वेगवेगळ्या वर्षी बसतो.

‘सवय होईल’ असा धीर देऊन भागतं का?

या प्रश्नावर संशोधन झालं आहे आणि त्याचं उत्तर रंजक आहे. अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले. ‘सुरुवातीला आपण इथले नाही असं वाटायचं, हळूहळू ते गेलं’ अशा अर्थाचे. मग विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत पुढच्या तुकडीसाठी काही लिहायचं. सगळं मिळून तासाभराचं काम. ‘सायन्स’ नियतकालिकात २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं वाढत गेले आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांशी असलेली तफावत निम्म्यावर आली. एका तासात एवढं कसं? संशोधकांचं म्हणणं असं की, वीसपैकी सहा गुण मिळाल्यावर ‘मी इथला नाही’ असा अर्थ न लावता ‘हे सगळ्यांचं होतं’ असा अर्थ लावला, तर मुलगा दुसऱ्या दिवशी सरांकडे जातो. तिथून पुढचं सगळं बदलतं.

पण गोष्ट इथे संपली नाही. २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात २२ संस्थांमधल्या २६,९११ विद्यार्थ्यांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात दिसलं की हा उपाय सगळीकडे चालत नाही. ज्या कॉलेजात त्या गटातल्या मुलांना खरोखर सामावून घेतलं जाण्याची संधी होती, तिथे अधिक मुलांनी पहिलं वर्ष पूर्ण केलं. जिथे ती संधी नव्हती, तिथे नुसत्या धीराच्या शब्दांनी फरक पडला नाही. थोडक्यात, स्वागताचं भाषण कितीही चांगलं असलं तरी केबिनचं दार बंद असेल तर उपयोग शून्य.

याहून जुना आणि अर्जुनीच्या मुलाला थेट लागू पडणारा अभ्यास उरी ट्राइझमन यांचा. १९७० च्या दशकात ते बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी का मागे पडतात, याची कारणं प्राध्यापकांना पाठ होती. इच्छा कमी, तयारी कमी, घरचं पाठबळ कमी. ट्राइझमन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांसोबत महिनोन्‌महिने राहून ते अभ्यास कसा करतात हे पाहिलं. प्राध्यापकांचं एकही कारण टिकलं नाही. कृष्णवर्णीय मुलं मेहनत करत होती, तासांना हजर होती, गृहपाठ वेळेवर देत होती. फक्त ती एकट्याने अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः गणितं सोडवायची आणि मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची. आपण कुठे चुकतो आणि बाकीचेही कुठे अडकतात, हे त्यांना परीक्षेच्या आधी कळायचं. एकट्याला ते परीक्षेत कळायचं.

यानंतर ट्राइझमन यांनी ‘कच्च्या मुलांचे जादा तास’ सुरू केले नाहीत. उलट जास्त अवघड गणितं देऊन गटात बसवलं. निकाल झपाट्याने सुधारले. आपल्याकडचा होतकरू मुलगा नेमका हाच एकट्याचा मार्ग धरतो. खोलीचं दार लावून पहाटेपर्यंत वाचत बसणं, कारण गावात तसंच करून तो पहिला आला होता.

तालुक्यातच एक जुनं उदाहरण

गोंदिया जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे, नवेगाव बांधला. नवोदयची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन शाळांनी झाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. सहावीत, म्हणजे दहा-अकरा वर्षांची मुलं घर सोडून इथे येतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. आणि नववीत आणखी एक उलथापालथ असते. वर्गातल्या सुमारे ३० टक्के मुलांना एका वर्षासाठी वेगळ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवलं जातं, तिथली मुलं इकडे येतात.

विचार केला तर हे अठराव्या वर्षी कॉलेजला जाण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. चौदा वर्षांचं पोर, परकी भाषा, परकं जेवण. तरीही बहुतेक मुलं हे वर्ष पूर्ण करतात. यामागे जादू नाही, रचना आहे. मूल एकटं जात नाही, गटाने जातं. सोबत शिक्षक असतो. तिथले शिक्षक आवारातच राहतात, त्यामुळे रात्री आठला शंका आली तरी माणूस सापडतो. जेवण, अभ्यासाचा तास, खेळ सगळ्यांचं एकत्र, म्हणून कोणी गप्प झालं तर दिसतं. आणि परतीची तारीख ठरलेली असते. कॉलेजात यातलं जवळपास काहीच नसतं. खासगी खोली घेऊन राहणारा विद्यार्थी आठ दिवस तासाला गेला नाही तरी कोणाच्या लक्षात येईलच असं नाही.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे राजेंद्र भारूड याच वाटेने गेले. भिल्ल समाजातलं, अत्यंत गरिबीतलं घर. अक्कलकुव्याचं नवोदय, मग मुंबईचं जीएस मेडिकल कॉलेज, तिथे शिकत असतानाच केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचं आत्मकथन बऱ्याच वाचकांना माहीत असेल. त्यांची मेहनत वादातीत आहे. पण मुंबईला पोहोचण्याआधी घराबाहेर राहण्याची सवय लावणारी सात वर्षं त्यांच्या गाठीशी होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

बुलडाणा जिल्ह्यातल्या राजू केंद्रे यांचा रस्ता वेगळा. त्यांची पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून झाली, नंतर टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनचं सोआस. घरातून पहिल्यांदा उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलांसाठी त्यांनी २०१७ मध्ये यवतमाळमधून ‘एकलव्य’ हे काम सुरू केलं. त्यातला एक मोठा भाग म्हणजे आधी गेलेल्या विद्यार्थ्याने पुढच्याला हात देणं.

पैशांचं गणित कसं जमतं?

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर प्रश्न बराच सुटतो. न मिळाल्यास अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अलीकडे आली. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत भोजन ३२ हजार, निवास २० हजार आणि निर्वाह ८ हजार, असे वर्षाला ६० हजार रुपये. गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांचं काम देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत चालतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, त्यासाठी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्ग आणि ८ लाखांपर्यंतचं कौटुंबिक उत्पन्न ही अट. वसतिगृह आणि मेस मात्र त्यात येत नाही.

६० हजार म्हणजे महिन्याला ५ हजार. काटकसरीने चालतं. अडचण रकमेपेक्षा तिच्या वेळेची आहे. खोलीचं भाडं आणि अनामत जुलैत द्यावी लागते, मेस महिन्याच्या सुरुवातीला. योजनेचे पैसे अर्ज, छाननी, मंजुरी होऊन नंतर हप्त्यांत येतात. धानाचे पैसेही दिवाळीनंतरच. म्हणजे पहिले चार महिने उधारीवर काढायचे आणि नेमके तेच चार महिने मन लागायला सर्वांत अवघड. घरातून निघण्याआधीच या चार महिन्यांचा हिशेब वेगळा मांडून ठेवलेल्या कुटुंबांत पोराला अर्धवट परत यावं लागण्याची शक्यता कमी होते. आधार जोडलेलं बँक खातं, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र जूनआधी हातात असणं, हे त्यातलं सगळ्यात स्वस्त काम.

दिवाळीची सुटी इतकी नाजूक का?

झाडीपट्टीत दिवाळी म्हणजे फक्त सण नव्हे. हलका धान तोवर कापून होतो, भारी धानाची कापणी समोर असते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटकं चालतात, वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो. तीन महिने शहरात गप्प राहिलेल्या मुलाला इथे पुन्हा आपली बोली, आपली माणसं मिळतात. घरी हातांचीही गरज असते. आठ दिवसांची सुटी पंधरा दिवसांची होते.

पलीकडे कॉलेजात याच पंधरवड्यात दुसरी सेशनल, सबमिशन आणि हजेरीचा हिशेब असतो, काही आठवड्यांत विद्यापीठाची परीक्षा. ७५ टक्के हजेरी न भरल्याने नाव डिफॉल्टर यादीत गेलं की परत जाण्याची भीती वाटते, भीतीने आणखी चार दिवस जातात. शिक्षण सुटतं ते असं. कोणी ठरवून सोडत नाही.

घरच्यांना इथे करण्यासारखं बरंच आहे. निघतानाच परतीचं तिकीट काढून ठेवणं, मंडई एका गावची बघून दुसऱ्या गावची सोडणं, आणि ‘जेवण झालं का’ यासोबत ‘जर्नलवर सह्या झाल्या का’ हेही विचारणं. प्रश्नाचा अर्थ विचारणाऱ्याला पूर्ण कळला नाही तरी चालतो.

रोवणीनंतर आठ-दहा दिवस बांधीतला धान पिवळा दिसतो, हे तालुक्यात कोणालाही सांगावं लागत नाही. तेव्हा कोणी तो उपटून परत पऱ्ह्यांच्या वाफ्यात नेत नाही, पाणी धरून ठेवतात. मुलांच्या बाबतीत मात्र पहिल्या सेशनलच्या निकालावर ‘परत ये’ म्हटलं जातं. खरं तर या तालुक्याला नव्या जागी रुजणारी माणसं परकी नाहीत. गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे, बंगाली निर्वासितांची गावं आहेत.

विषय राहिलेच तर?

एटीकेटीचा नियम त्यासाठीच आहे. ठरावीक संख्येपर्यंत विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येतं आणि राहिलेले विषय सोबत देता येतात. संख्या विद्यापीठ आणि अभ्यासक्रमाप्रमाणे बदलते, म्हणून आपल्या कॉलेजच्या परीक्षा विभागातून ती लेखी स्वरूपात पाहून घ्यावी, वसतिगृहातल्या चर्चेवर विसंबू नये. पहिल्या सत्रात राहिलेल्या गणिताच्या पायावरच दुसऱ्या सत्राचं गणित उभं असतं, त्यामुळे तोच विषय आधी काढणं शहाणपणाचं. काही कारणाने वर्ष खंडित झालंच, तर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेली क्रेडिट्स जमा राहतात, संस्था त्यात सहभागी असल्यास ती पुढे वापरता येतात.

त्रास अभ्यासाचा नसून माणसांचा असेल, जातीवरून किंवा बोलीवरून छळ होत असेल, तर तो ‘जुळवून घेण्याचा’ विषय राहत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही चोवीस तास सुरू असते. मन खचलं असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

निकाल अनपेक्षित वाटला तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. त्याची मुदत निकालानंतर मोजक्याच दिवसांची असते आणि निकाल अनेकदा विद्यार्थी गावी असतानाच लागतो. अर्ज ऑनलाइन करायचा असेल तर फोनवरून भरता येतो, शुल्क तेवढं वेळेत भरावं लागतं.